मोरपंखी केस दाखवा, वर्षभर फुकट जेवा

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण हॉटेलातला फोन गल्ल्यावर, गल्ला स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आणि खिडकीत भावोजी. ज्यांच्याविषयी बोलायचं तेच हातात पळी घेऊन समोर उभे असले की 'तिकडे हवा कशी आहे' यापलीकडे माझी गाडी जात नाही.

विषय केसांचा आहे. तुझं पोट केसांवर चालतं, माझं केसांमुळे बंद पडायची वेळ आली आहे. गिऱ्हाइकांना माझ्या जेवणात हल्ली काय काय सापडतं ते ऐक. एकाला भाजीत बटण सापडलं. त्याच्या बाहीवर त्याच जातीची बटणं होती आणि एका जागी नुसता दोरा लोंबत होता. एका जोडप्याला झुरळ सापडलं. ते प्लास्टिकचं होतं, पोटावर कारखान्याचा छाप होता. एका म्हातारबुवांना भातात खडा लागला. त्यांनी तो पुसून रुमालात नीट बांधून घेतला, बहुतेक पुढच्या हॉटेलासाठी. मी सगळ्यांना हसून जेवण फुकट दिलं. त्यामुळे झालं काय, की आता आधी फुकट जेवायचं ठरतं आणि मग वस्तू शोधली जाते.

यांचा राजा म्हणजे 'शेवटचा घास'. हे नाव आमच्या भांडीवाल्या मावशींनी ठेवलं. विम्याच्या कचेरीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. दर आठवड्याला येतो, सूप, मासा, भात, वर गोड, सगळं चाटूनपुसून खातो आणि शेवटच्या घासाला केस काढतो. मग उभा राहून खणखणीत आवाजात म्हणतो, "तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही." तेवढ्यात सगळं हॉटेल आपापल्या ताटात डोकावायला लागतं.

आणि बोट जातं कुणाकडे, तर भावोजींकडे. या वयात डोक्यावर एवढं रान, शिवाय मिशी. ते केस बारीक करतील तर माझी निम्मी कटकट मिटेल. पण तुझ्या लग्नात ज्यांच्यापुढे हात जोडून उभा होतो, त्यांना 'डोकं भादरून या' असं कुठल्या तोंडाने सांगू? तूच लिही. तुमचं बोलणं बंद आहे हे ठाऊक आहे. तू दुकानात चार बायकांसमोर त्यांना 'बसून खाणारा' म्हणालीस आणि ते बॅग भरून माझ्याकडे आले. खरं सांगू? तुमच्या त्या भांडणावर माझं हॉटेल उभं आहे. त्यांच्या हातची चव गेली तर मला पाटी उतरवून ठेवावी लागेल.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

भावोजींना सांगायला तुला तोंड नाही आणि मला सांगायला आहे, हे वाचून बरं वाटलं.

पहिली गोष्ट, ह्यांच्या केसांना कात्री लागणार नाही. माझ्या दुकानात दिवसभर टक्कल झाकायला माणसं येतात. संध्याकाळी घरी येऊन ह्यांचं डोकं बघितलं की देव सगळ्यांवर रागावलेला नाही असं वाटायचं.

दुसरी गोष्ट, मी त्यांना लिहिणार नाही. मी एक वाक्य बोलले, त्यांनी घर सोडलं. हिशेब बरोबरीचा नाही. ह्यांची नोकरी होती ते कॅन्टीन बंद पडल्यावर माणूस दिवसभर खिडकीत बसून का राहतो ते मला कळत होतं रे. पण दिवसभर पायावर उभी राहून दमले होते आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. आता ते परत यावेत असं मला रोज वाटतं. हे तुला लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवायचं नाही. फक्त एवढं सांग की मी विचारलं म्हणून. जेवतात का, गुडघा दुखतो का, असं.

तिसरी गोष्ट तुझ्या कामाची. मागे एक गोडबोल्या विक्रेता माझ्या गळ्यात केसांच्या रंगाची खोकी मारून गेला. रंग मोरपंखी. निळाही नाही, हिरवाही नाही. आमच्या गावात एका बाईनेही तो डोक्याला लावला नाही, तुमच्या गावातही कुणी लावणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला, मिशीला, असेल त्या केसाला हा रंग दे. तू गल्ल्यावर बसतोस, तू पण लाव. मग ताटात काळा केस निघाला तर तो ज्याचा त्याने घरी न्यावा. खोकी पाठवते आहे. रंग कालवून वरच्या डब्यांत भरला आहे, नुसता लावायचा.

आणि गिऱ्हाइकांना हसून फुकट घालणं बंद कर. हे म्हणजे आपणच दार उघडून चोराला पाट मांडायचा.

ताई

२ मार्च

ताई, तुझे पाय कुठे आहेत ते सांग, धरायचे आहेत!

आम्ही सगळे मोरपंखी आहोत. मी, भावोजी, भाजी चिरणारे दोघं भाऊ आणि मावशी. मावशी आधी म्हणाल्या, "माझा नवरा मला घरात घेणार नाही." मग आरशात बघितलं आणि भुवयांनाही लाव म्हणाल्या. भावोजी एवढं हट्टाचं माणूस, पण रंग तुझ्याकडचा आहे म्हटल्यावर डोकं पुढे केलं. "तिने स्वतः कालवला का?" एवढंच विचारलं. मिशी स्वतःच्या हाताने रंगवली.

मग आला 'शेवटचा घास'. जेवला, ढेकर दिली, केस काढला, उभा राहिला. "तक्रार करणं माझ्या स्वभावात..."

"साहेब, एक मिनिट," मी म्हटलं आणि रंग लपवायला घातलेली टोपी काढली. मग हाक मारली. स्वयंपाकघरातून एकामागून एक सगळे बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. कुणी हसलं नाही, मी तशी ताकीदच दिली होती.

"यातला कुठला केस तुमच्या ताटात आला?" मी विचारलं.

त्याने हातातला काळा केस बघितला, आमची डोकी बघितली, मग आपसूक त्याचा हात स्वतःच्या भांगाकडे गेला. मागच्या टेबलावरचं एक पोरगं खिदळलं आणि मग सगळं हॉटेल. त्याने पैसे भरले ताई! वर चहा पण प्यायला.

आता बाहेर मोठी पाटी लावली आहे: 'मोरपंखी केस दाखवा, वर्षभर फुकट जेवा.' लोक आम्हाला बघायला येतात आणि आलेच आहेत तर जेवतात. मी प्रामाणिकपणाचा झेंडा घेऊन बसलो आहे असं आमच्याकडच्या वर्तमानपत्राने छापलं. कात्रण चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगलं आहे.

तुझा निरोप दिला. "बरं" म्हणाले. हल्ली काम करताना गुणगुणत असतात. आवाज बेसूर आहे, पण मी काही बोलत नाही.

धाकटा

९ मार्च

धाकट्या,

गुणगुणतात? काय गुणगुणतात ते नीट ऐक आणि कळव. लग्न झालं तेव्हा गुणगुणायचे, मग कॅन्टीनच्या धबडग्यात ते गेलं ते गेलं. आणि त्या भुवया रंगवणाऱ्या मावशी किती वयाच्या आहेत? सहज विचारते.

तुझी पाटी मला आवडली नाही. केस कुठेही जातो. मी आयुष्यभर केस झाडते आहे, तरी माझ्या चहात निघतो. 'वर्षभर फुकट' म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि रंगाबरोबर डोकी झाकायलाही नकोत का? म्हणून ह्यांच्यापुरती एक सुती टोपी विणून पाठवते आहे. दुकानात गिऱ्हाईक नसताना विणली. हल्ली गिऱ्हाईक आलं तरी आधी माझ्याकडेच बघत बसतं, ते असो. टोपी मी विणली आहे हे मात्र नक्की सांग. स्वतः पत्र लिहायचं म्हटलं तर पीळ आडवा येतो, पण टोपीला शब्द लागत नाहीत. ती घातली तर मी समजेन काय समजायचं ते.

आणि विचारून ठेवते, त्यांना आठ दिवस सुट्टी देशील का? त्यांना नको विचारूस. तुलाच विचारते आहे.

ताई

२९ मार्च

ताई,

टोपी मिळाली, दिली, आवडली. रोज घालतात. डोक्यावरून उतरवत नाहीत म्हण ना.

सुट्टीचं बघू. हंगाम जोरात आहे, आणि एकदा माणूस गेला की... म्हणजे प्रवासात त्यांच्या गुडघ्याला त्रास होईल. मावशींना नातवंडं आहेत, त्या बाजूने निश्चिंत राहा.

आता मुख्य गोष्ट. माझ्यावर घाला पडला आहे. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई अधूनमधून येतात, सूप घेतात, पैसे देऊन जातात. परवा त्यांनी मला हळूच बोलावलं आणि चमच्यावर केस दाखवला. मोरपंखी! मला आधी वाटलं गंमत करतात. मग त्यांनी तो उचलला, तर संपेचना. हातभर लांब. माझ्या माणसांत हातभर केस कुणाचा? मावशींचा अंबाडा सुपारीएवढा. बाकी आम्ही सगळे पुरुष. म्हणजे हा केस बाहेरून आला. म्हणजे बाईंनी आणला. सरळ हिशेब आहे.

मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, माझे केस बघा." त्यांचे केस बोटभर आणि पांढरे. मी म्हटलं, म्हणून तर पर्समध्ये आणावा लागला. माझा आवाज चढला असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मला फुकट जेवण नको होतं. दुसऱ्या कुणाच्या ताटात जाऊ नये म्हणून हळू सांगितलं."

आणि माझ्या बाजूने कोण उभं राहावं? 'शेवटचा घास'! चष्मा पुसत म्हणाला, "अशा लोकांमुळे खऱ्या तक्रारदारांची किंमत जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पैसे ठेवून निघून गेल्या. मी जिंकलो ताई, पण त्या दिवसापासून भात गिळवत नाही.

एक कोडं राहिलं. हा रंग तुझ्याखेरीज कुणाकडे नाही असं तू म्हणाली होतीस. इतक्या लांब केसांच्या कुणा बाईच्या डोक्याला तू तो लावलास का? नाव कळव, म्हणजे त्या बाईंची साखळी पकडतो.

धाकटा

३ एप्रिल

धाकट्या,

नाव नंतर. आधी मी विचारते त्याचं उत्तर दे.

टोपी मी विणली हे तू ह्यांना सांगितलंस का?

'टोपी दिली, आवडली, रोज घालतात.' ही तिन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात मी कुठेच नाही. गुडघ्याचं मी विचारलं होतं, त्यावर ह्यांचा एक शब्द नाही, आणि सुट्टी नाकारायला गुडघा तुला बरा आठवला. तुझ्या 'बरं म्हणाले' वर मी महिनाभर जगते आहे. ते खरंच 'बरं' म्हणाले होते का?

टपालाची वाट बघते आहे.

ताई

८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

नाही सांगितलं. टोपी घाऊक बाजारातून आणली असं सांगितलं. निरोपही एकही दिला नाही. आधी म्हटलं उद्या देऊ. मग रंग लावल्यावर ते गुणगुणायला लागले, येताजाता 'तिकडे काय म्हणते ती' असं विचारायला लागले आणि मला धडकी भरली. तुझा एक गोड शब्द कानावर पडला की हा माणूस चालला, हे मला दिसत होतं. मग मी इकडे 'ती काही म्हणाली नाही' आणि तिकडे 'बरं म्हणाले' असं करत राहिलो. घरात आग लावली नाही, फक्त विझवायला आलेल्यांना रस्ता दाखवला नाही, असं मी मनाला समजावत होतो.

बाईंचा केस मी फेकला नव्हता. चोरी पकडल्याचा पुरावा म्हणून काचेखाली चिकटवून गल्ल्यावर ठेवला होता. काल भरदुपारी जेवणाच्या गर्दीत भावोजी कांदे मागायला बाहेर आले आणि त्या काचेपुढे थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून उलटी केली. आत विणीत तसलेच आणखी दोन केस अडकलेले. टोपी उन्हात धरली तेव्हा मलाही दिसले.

"टोपी कुठून आणलीस?"

"बाजारातून," मी म्हटलं आणि गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागलो.

"पुन्हा सांग."

टोपी तू विणलीस हे सांगून टाकलं. मग तुझे निरोपही एकेक करून बाहेर आले. सगळी टेबलं कान देऊन ऐकत होती. भावोजी कधी आवाज चढवत नाहीत, कालही चढवला नाही. फक्त गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "त्या बाई खरं बोलत होत्या. हा केस माझ्या बायकोचा आहे. माझ्या टोपीतून सुपात पडला." आणि काचेखालचा केस सोडवून कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि एप्रन खुंटीला अडकवून चालायला लागले. सूप चुलीवर तसंच. मी ढवळायला गेलो तर करपलं.

'शेवटचा घास' तिथेच होता. म्हणाला, "मी तक्रार करणाऱ्यातला नाही, पण सूप मिळणार का?"

ते तुझ्याकडे पोचले का? रागावले असतील तर माझ्यावर रागावू दे, फक्त परत पाठव. त्यांच्याशिवाय इथे एक दिवस निघत नाही. ताई, तू म्हणशील ते करतो. पगार वाढवतो, सुट्टी देतो, मिशी काळी करायला सांगतो.

धाकटा

१४ एप्रिल

धाकट्या,

ह्या केसाने गळा कोणी कुणाचा कापला ते तूच ठरव.

हो, केस माझा. तुम्हा सगळ्यांना रंग पाठवल्यावर आरशात माझंच डोकं मला परकं वाटायला लागलं. ह्यांच्या डोक्याला जो रंग, तो आपल्यालाही असावा असं वाटलं आणि लावला. गावभर हसं झालं. तुला लिहायची लाज वाटली.

हे आले तेव्हा दुकान भरलं होतं. ज्यांच्यासमोर मी ह्यांना बोलले होते, त्यातल्या दोघी खुर्चीत होत्या, डोक्याला फेस. हे दारात उभे, मिशी मोरपंखी, हातात कागदाची पुडी. मी समोर, केस मोरपंखी. सगळ्या बायका आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या.

ह्यांनी पुडी उघडली आणि विचारलं, "हा तुझा ना?"

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "नाही," म्हणाले. डोक्यावर तोच रंग, हातात तीच विणकामाची सुई, आणि 'नाही'. खोट्या तक्रारी करणाऱ्यांना मी महिनाभर शिव्या घातल्या, पण सगळ्यांसमोर खरं बोलायची पाळी आली तेव्हा माझी जीभ त्या विम्यावाल्यासारखीच फिरली.

"बरं," हे म्हणाले. "मग माझी चूक झाली." पुडी मिटली आणि वळले.

पायरीवरून उतरेपर्यंत मी उभीच. मग आतून कोण ओरडलं कळलं नाही, ती मीच होते. "अहो, माझाच आहे! आणि त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं!" फेसवाली बाई म्हणाली, "आता तरी बसा आत येऊन, वारा येतो." हे आत आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि मी त्यांच्यापुढेच रडले, जशी बाई रडते तशी, नाक ओढून. लपवायचं काही उरलं नव्हतं.

आता तुझं. उद्या सकाळी हॉटेल उघडायच्या आत त्या पोहणाऱ्या बाईंच्या दारात जा. पाटीवर लिहिलंस ते वर्षभर पाळ. त्या येणार नाहीत, तरी पाळ. रोज त्यांच्या नावाचं एक टेबल रिकामं ठेव आणि 'शेवटचा घास' त्यावर बसायला लागला तर त्याला उठव.

तू विचारलं आहेस की हे परत कधी येणार. पत्र लिहिताना ते समोरच बसले आहेत, म्हणून त्यांनाच विचारलं. मग म्हणाले, "त्याला लिही, टोपी कुणाची ते पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी इकडे आलोच नसतो. तिलाच तिकडे बोलावून घेतलं असतं. शेजारचा गाळा रिकामा होता, तो मी तिच्या दुकानासाठी बघूनही ठेवला होता."

मी पण तयार झाले असते रे. आता मात्र ह्यांनी इथल्या शाळेच्या भोजनघरात काम धरलं आहे. तू दुसरा आचारी शोध.

ताई